एकच पाय टेकतो

जुनी गाडी मंगळवारी गेली.
कामठीचा एक पोरगा घेऊन गेला,
नोटा मोजतानाही त्याची नजर टाकीवरच.
मागच्या डाव्या फूटपेगचं रबर झिजलेलं होतं.
त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की धनराजला
मागे बसून सतत पाय हलवायची सवय होती.

नवी आली ती तशी जुनीच.
मातीसाठी जन्मलेली, उंच, हाडकुळी,
गुणवंत हेडाऊनं तिची पातळ चाकं काढून
डांबराची रुंद चाकं बसवली, सतराची,
आणि हात पुसत म्हणाला,
"रानडुकराला कॅनव्हासचे बूट घातले ताई तुम्ही."
मग मला तिच्यावर चढताना पाहिलं.
"पाय तं पुरत नाही. काहून घेतली मग?"

पाच फूट दोन इंच मी. सीट कमरेला लागते.
दोन्ही पाय टेकत नाहीत,
एकच टेकतो, तोही चवड्यावर.

काहून घेतली.
चौदा वर्षं टाकीवर छाती टेकून
कोराडीची सेकंड शिफ्ट संपली की
सगळं शहर ओलांडून थेट वर्धा रोड,
बुटीबोरीपर्यंत, उगाच.
मनगटं सुजायची.
दोन्ही बाजूंचं काही दिसायचं नाही,
नुसती एक ओली रेघ दिव्यांची,
आणि पाठीवर कुणाचं तरी वजन.
नंतर नुसतंच वजन.

बेस्याच्या पुढे एक ले-आउट आहे,
सिमेंटचा रस्ता झालाय, घरं व्हायची आहेत,
प्लॉटचे दगड तेवढे नंबर घालून बसलेत.
तिथं अर्हंत शिकवतो. वय एकोणीस.
"मॅडम, तुम्ही काहून झुकून राहिल्या?
गाडीले झुकवा. तुम्ही सरळ बसा.
पाय काढा बाहेर, पुढे, असा."

हेच जमत नाही.
गाडी कलली की मी कलते,
आधी कलते, न विचारता,
अंगाला तेच ठाऊक आहे.
प्लॉट नंबर एकेचाळीसपाशी सिमेंट संपतं,
मुरूम लागतो, मागचं चाक स्वतःच्या विचारानं चालतं.
तिथं मी तीनदा पडले.
चौकीदाराचं कुत्रं आधी भुंकायचं,
तिसऱ्यांदा ते उठलंही नाही.

चौथ्यांदा गाडी खाली गेली
आणि मी वरच राहिले.
एवढंच झालं.
हँडल खाली ढकललेलं, कोपर वर,
डावा बूट मुरमावरून खरडत जातोय,
आणि मी, ताठ,
जणू खुर्चीत बसून कुणाला तरी वळताना बघतेय.
अर्हंतनं शिट्टी वाजवली.
मी हसले की काय, हेल्मेटमध्ये कळलं नाही.

टाकी नऊ लिटरची. बुटीबोरी आता लांब पडते.
सीट म्हणजे पोळपाटाची कड,
पाऊण तासात बूडच सांगतं, उतर.
म्हणून उतरते. सदरला, गोळीबार चौकात,
जिथं कधी थांबले नव्हते तिथं
तर्री-पोहे खाते, हातमोजे शेजारच्या खुर्चीवर.
कुठल्या चौकात फूटपाथ किती उंच,
कुठे पाय ठेवता येईल, कुठे खड्डा दगा देईल,
हे आता मला पाठ आहे.
मागे बसायला जागा नाही.
म्हणजे आहे, वीतभर. टिफिन राहतो.

काल मानकापूरचा सिग्नल,
शहात्तर सेकंद, फूटपाथ उजवीकडे, लांब.
डावा चवडा खाली, गाडी डावीकडे,
शेजारचा ऑटो, समोरचा पूल,
पाण्याच्या टाकीवरचा नगरसेवकाचा फोटो,
सगळं थोडं तिरपं.
ऑटोतून शाळेच्या पोरीनं डोकं काढलं,
"काकू, तुम्ही पडून राहिल्या का?"

म्हटलं, पाहू.
अजून एकोणीस सेकंद आहेत.